आजीचे आयुष्य लिहून काढताना : दाखल्यावरची तारीख खरी मानावी का?

मधली_नात

आमच्या आजीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९२६ अशी आहे. त्या हिशेबाने येत्या जूनमध्ये तिची जन्मशताब्दी येते आणि त्या निमित्ताने घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका छापावी, असे आम्हा नातवंडांचे ठरले आहे. मजकुराची जबाबदारी माझ्यावर आली. थोरल्या काकांनी आपल्या बाजूने दोन पाने लिहूनही दिली. त्यांत आजी प्रेमळ होती, सोशिक होती, कष्टाळू होती, तिने दारी आलेल्याला कधी विन्मुख पाठवले नाही, असे सर्व काही आहे. यातले काही खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तीच दोन पाने नाव बदलून शेजारच्या आजींच्या तेराव्याला वाचली असती, तरी कोणाच्या लक्षात आले नसते.

तिचे माहेर सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. शिक्षण मराठी चौथी. आजोबा प्राथमिक शिक्षक होते आणि ते १९७९ मध्ये गेले. लग्न सोळाव्या वर्षी झाले, असे घरात सांगतात. आजी स्वतः कधीही सन सांगत नसे. ‘पानशेत फुटले त्या पावसाळ्यात आपले बिऱ्हाड पुण्यात होते’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुझा धाकटा काका पाळण्यात होता’, ‘मिलो खाल्ला त्या वर्षी माझ्या बांगड्या मोडल्या’, अशी तिची भाषा.

तिच्या ट्रंकेत कालनिर्णयची बरीच जुनी पाने निघाली, कारण दुधाचे खाडे ती त्यांवर लिहीत असे. १९८० सालच्या एका पानावर खाड्यांच्या फुल्यांमध्येच पेन्सिलीने लिहिले आहे : ‘आज ह्यांना जाऊन वर्ष झाले. दूध अर्धा शेर जास्त घेतले.’ काकांच्या दोन पानांपेक्षा मला ही एक ओळ जास्त आजीची वाटते.

माझे दोन प्रश्न आहेत. अशा आयुष्याच्या तारखा कशा लावाव्यात? आणि घरातले लोक ज्या गोष्टींवर गप्प बसतात, त्यांचे काय करावे?

टवाळ

१ जून! आमच्या घरात आजोबा, दोन्ही आत्या आणि मोठे काका असे चौघेही १ जूनलाच जन्मले आहेत. शाळा जूनमध्ये उघडत असे आणि गुरुजींना अंदाजे वय सांगितले की ते लेखणी झटकून हीच तारीख टाकत. त्या काळी महाराष्ट्रातली निम्मी प्रजा एकाच दिवशी जन्माला येत असावी, असा भावी इतिहासकारांचा समज होणार आहे.

तिथीवार

टवाळ यांनी विनोदाने लिहिले असले तरी मुद्दा खरा आहे. दाखल्यावरची १ जून ही तारीख जन्माचा पुरावा नसून शाळेत नाव घातल्याचा पुरावा आहे, असे समजूनच चालावे. त्यातले सालही आई-वडिलांच्या सांगण्यावर अवलंबून असे.

आजीने दिलेल्या खुणा मात्र उत्तम आहेत. पानशेत धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, लोकांनी खाल्ली ती १९७२ च्या दुष्काळात, फार तर त्याच्या पुढचे वर्ष. धाकटे काका डिसेंबर १९६७ मध्ये पाळण्यात असतील, तर त्यांचा जन्म त्याच वर्षातला किंवा अगदी १९६६ च्या अखेरचा असला पाहिजे. त्यांच्या दाखल्याशी ताडून पाहा. ते जुळले, तर आजीच्या बाकीच्या खुणांवरही विश्वास ठेवता येईल.

मधली_नात

ताडून पाहिले. काकांचा जन्म रुग्णालयातला आहे आणि नोंद मार्च १९६७ ची आहे. आजीची स्मरणशक्ती पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाली.

निरुत्तर

मला या धाग्याची दिशा समजत नाही. ज्या बाईने आयुष्यभर सन सांगितला नाही, तिच्यावर आपण सन लादणार आणि त्याला चरित्र म्हणणार? माझ्या आजीला स्वतःचे वय ठाऊक नव्हते आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नाही. तिच्याजवळ ओव्या होत्या. माहेर, भाऊ, सासू, पहिले बाळंतपण, गेलेले मूल, हे सर्व ती जात्यावर बसून सांगत असे. लिहायचेच असेल तर ते लिहा. तारखा सरकारी कार्यालयाला लागतात, नातवंडांना नव्हे.

पेठकरीण

निरुत्तर, ओव्यांविषयी पूर्ण सहमत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावागावासह वाचायला, ऐकायला मिळतात. तिथे प्रत्येक ओवीला तिची बाई आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परंतु ओवीतली सासू पुष्कळदा सगळ्यांचीच असते. स्वतःच्या सासूविषयी जे उघड बोलता येत नसे, ते परंपरेने आलेल्या ओळीच्या आड बसून बोलता येत असे. त्यामुळे ‘आजी अमुक ओवी म्हणत असे’ एवढ्यावर न थांबता ती केव्हा, कोणासमोर म्हणत असे, हेही लिहिले पाहिजे. माझी आजी एक विशिष्ट ओवी फक्त धाकट्या जाऊबाई घरात असतानाच म्हणत असे, आणि तीही पुरेशा मोठ्या आवाजात.

आमच्याकडे कागद म्हणून काही उरलेलेच नाही. पानशेतच्या पुरात आमच्या घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होते. आजीने मागाहून गाळातून काढलेले फोटो वाळत घातले होते. ते वाळले, पण चेहरे गेले. साड्यांचे काठ मात्र काहींवर दिसतात. आता त्या काठांवरून आत्या एकेकीला ओळखते. तिला मी एकदा सलग दोन तास बसवून हे सर्व लिहून घेतले.

वकीलवाडा

मधली_नात यांना व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो.

दाखल्यावर समाधान न मानता त्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. दाखला त्यावरून उतरवलेला असतो आणि उतरवताना चुका होतात. जन्म-मृत्यूची गावची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, असते. अशी जुनी रजिस्टरे बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात आणि अर्ज करून नक्कल मिळते. मुलीच्या जन्माची नोंद पुष्कळदा नावाविना, नुसती ‘मुलगी’ आणि बापाचे नाव अशी असते, तेव्हा आजीचे नाव शोधत बसू नये. तसेच माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे जवळ ठेवावीत. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर नवे नाव लिहिले की कागदोपत्री ती दुसरीच बाई होऊन जाते.

आणखी एक कागद सहसा कोणी पाहत नाही, तो म्हणजे हक्कसोडपत्र. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा आला आणि त्यानंतर बहिणींनी भावांच्या लाभात सह्या करून देण्याची रीत पडली. माझ्या आजीची आम्हाला ठाऊक असलेली एकुलती एक सही अशाच पत्रावर आहे. माहेरचे नाव, सासरचे नाव, मध्ये कंस, आणि सहीचे शेवटचे अक्षर जागा न उरल्यामुळे खाली घसरलेले. वय वर्षे ४१, धंदा घरकाम. बाईचे नाव ठसठशीतपणे कागदावर आले ते तिने काहीतरी सोडून दिले तेव्हा. आम्ही त्या सहीचे छायाचित्र तिच्या तसबिरीशेजारी लावले आहे आणि त्यावरून मामांकडच्यांनी काही काळ आमच्याशी बोलणे सोडले होते.

टवाळ

म्हणजे त्यांनीही हक्क सोडला.

खाडीपलीकडे

आमच्याकडचा अनुभव निराळा आहे. आजोबा मुंबईत गिरणीत आणि आजी रत्नागिरी जिल्ह्यात, असा त्यांचा संसार. तिने मनीऑर्डरची कूपने जपून ठेवली होती. कूपनवर दोन-तीन ओळींची जागा असे आणि आजोबा तेवढ्यात सर्व काही बसवत. एकावर ‘छपराचे बघ, बाकी गणपतीला’, दुसऱ्यावर ‘संप आहे, पुढल्या महिन्यात नाही’. टपालखात्याच्या शिक्क्यांमुळे तारखा आपोआप मिळाल्या. रकमा वाढत गेलेल्या दिसतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू होतात.

आजीची उत्तरे मात्र नाहीत. ती वाडीतल्या एका मुलाकडून लिहून घेत असे, आणि आजोबांनी खोलीत कागद साठवावेत अशी सोय नव्हती. त्यामुळे आजीच्या हातात असलेले कागद आजोबांविषयी बोलतात आणि तिच्याविषयी जे आहे ते आम्हाला त्यांच्या मजकुरावरून ओळखावे लागते. ‘म्हशीचे ऐकून वाईट वाटले’ असे त्यांनी लिहिले, म्हणजे तिने म्हैस गेल्याचे कळवले असणार.

गोदाकाठ

मराठवाड्यातल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. निजामाच्या राज्यातली कागदपत्रे उर्दूत असतात आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतले, असते. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. माझी आजी सर्व काळाचे दोन भाग करी : पोलिस ॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या पलीकडचा आणि अलीकडचा. रझाकारांच्या भीतीने ती काही महिने बार्शीकडे नातलगांकडे राहिली होती, असे ती सांगे. ती हकीकत आम्ही लहानपणी गोष्टीसारखी ऐकली आणि कोण कोण बरोबर होते, कसे गेले, परत आल्यावर घरात काय उरले होते, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. ज्यांच्या आजी हयात आहेत, त्यांनी हा धागा वाचून झाल्यावर फोन उचलावा.

उत्तररात्र

फोन उचलून ‘आजी, तुझ्या आयुष्याविषयी सांग’ असे मात्र म्हणू नये. त्याला ‘काय सांगायचं, झालं सगळं चांगलं’ हेच उत्तर येते. मी आजीसमोर घरातली एकेक वस्तू ठेवत गेले आणि ती कोणी आणली, कितीला, कोणाशी भांडण करून, असे विचारत गेले. एका पितळी डब्यावरून सुरू झालेले बोलणे तिच्या मोडलेल्या पहिल्या सोयरिकीपर्यंत पोहोचले, जी आमच्या वडिलांनाही ठाऊक नव्हती. डब्याच्या झाकणावर दुसऱ्याच कोणाचे तरी नाव कोरलेले होते आणि आम्ही इतकी वर्षे तो डबा रोज पाहत होतो.

निरुत्तर

उत्तररात्र यांचा अनुभव माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. डब्याने सांगितले ते तारखेने सांगितले नसते.

मधली_नात

सर्वांचे आभार. दरम्यान बरेच काही घडले आहे. आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, आता नव्वदीच्या घरात आहे, पण बोलणे खणखणीत. तिला दाखल्यावरची तारीख सांगितली तर ती हसायलाच लागली. ‘जूनमध्ये कुठली? ती अधिकातली. आई तिला अधिकाचं वाण म्हणायची. श्रावण धरायचा होता आणि अधिक आला, असं आई सांगायची.’ मावशीआजीचा स्वतःचा जन्म नंतरचा, म्हणजे ही ऐकीव माहिती आहे, पण ती आईच्या तोंडची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आजीच्या लग्नात छापलेल्या मंगलाष्टकांचा गुलाबी कागद मावशीआजीकडे मिळाला. त्यावर वधूवरांची नावे आहेत आणि खाली ‘वैशाख वद्य, शके १८६४’. तिथीच्या आकड्यावर नेमकी घडी पडून तो झिजला आहे.

तिथीवार, यावरून काही काढता येईल का?

तिथीवार

पुष्कळ काही काढता येते.

अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, पण तोच महिना अधिक म्हणून परत यायला बहुतेक वेळा आठ, अकरा किंवा एकोणीस वर्षे लागतात. १९२० ते १९५० या काळात श्रावण अधिक आला तो १९२०, १९२८, १९३९ आणि १९४७ या वर्षी. (१५ ऑगस्ट १९४७ हा दिवस अधिक श्रावणातलाच होता.) १९२६ मध्ये अधिक महिना होता, पण तो श्रावण नव्हता. तेव्हा दाखल्यातले साल आणि मावशीआजींची आठवण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

१९३९ आणि १९४७ उघडच बाद होतात. १९२० धरले तर धाकटे काका झाले तेव्हा आजी सेहेचाळीस वर्षांच्या असणार. हे अशक्य नाही, पण अवघड आहे. शिवाय बहिणींच्या वयात फारच अंतर पडते. उरते १९२८. त्या वर्षी अधिक श्रावण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत होता. शके १८५०, विभव संवत्सर.

शके १८६४ चा वैशाख वद्य पक्ष म्हणजे मे १९४२ चा पहिला पंधरवडा. पुढची वजाबाकी तुम्हीच करा, मला ती लिहावीशी वाटत नाही.

मधली_नात

तेरा वर्षे आणि नऊ-दहा महिने.

पुस्तिकेच्या कच्च्या मसुद्यात काकांनी ‘वयाच्या सोळाव्या वर्षी आजी लक्ष्मीच्या पावलांनी घरात आली’ असे लिहिले आहे.

वकीलवाडा

इथे कायद्याचा संदर्भ आणणे भाग आहे. शारदा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले होते. पुढे १९४९ मध्ये ते पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले. कायदा मोडून लावलेले लग्न रद्द होत नसे, लावणाऱ्यांना शिक्षा होऊ शकत असे. तीही कोणी तक्रार केली तर. कायदा ब्रिटिश मुलखाचा होता, संस्थानांना तो आपोआप लागू होत नसे.

म्हणजे १९२६ धरले तर आजी पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि सर्व काही कायदेशीर. १९२८ धरले तर चौदाला दोन-तीन महिने कमी. शिक्षकाची नोकरी असलेल्या घराला हे दोन-तीन महिने अडचणीचे वाटले असतील आणि तेव्हापासून ‘सोळावे’ म्हणण्याची पद्धत पडली असेल. हा तर्क आहे, पुरावा नाही.

पेठकरीण

पण दाखल्यावरचे १९२६ लग्नाच्या कितीतरी आधीचे असणार. शाळेत नाव घालताना मुलीच्या लग्नाचा विचार करून वय वाढवले असेल, हे मला पटत नाही. मोठा भाऊ शाळेत जात असेल, त्याच्या सोबतीने हिलाही पाठवायचे असेल आणि गुरुजी घेत नसतील म्हणून दोन वर्षे वाढवून सांगितली असतील, ही शक्यता मला जवळची वाटते. मग ती थाप नंतर लग्नाच्या वेळी आयतीच कामाला आली.

मधली_नात

पेठकरीण, आजी भावाचे बोट धरून शाळेत जात असे हे खरे आहे. ते दोघे मिळून एकच पाटी नेत, एका बाजूला त्याचे आणि दुसऱ्या बाजूला तिचे. तो सातवीपर्यंत, व्हर्नॅक्युलर फायनलपर्यंत शिकला. हिची पाटीची बाजू चौथीनंतर रिकामी राहिली. हे ती रागाने सांगत नसे, पण दर वेळी सांगत असे.

निरुत्तर

मी वर लिहिले होते की तारखा नातवंडांना लागत नाहीत. ते माझ्या आजीपुरते मी अजूनही म्हणेन. परंतु या प्रकरणात तारीख नसती तर ‘सोळाव्या वर्षी लक्ष्मीच्या पावलांनी’ हे वाक्य छापून गेले असते, हे मान्य करावे लागते.

जुनी_वाट

मी थोडे कडवट लिहिणार आहे. तेराव्या वर्षी लग्न झाले हे तुम्ही छापणार, ठीक आहे. त्यात दोष इतरांचा आहे आणि आजी त्यातून निर्दोष बाहेर पडतात. पण आजीने जे केले, ते छापणार आहात का? माझ्या आजीवर माझे अपार प्रेम होते आणि तिचेही माझ्यावर होते, कारण मी मुलगा होतो. सायीची वाटी मला मिळे आणि माझ्या बहिणीला ती वाटी घासायला मिळे. माझ्या आईला तिने पहिली सात वर्षे माहेरी दिवाळी करू दिली नाही. आजीच्या वर्षश्राद्धाला सर्वांनी चार शब्द बोलावे असे ठरले, तेव्हा आई म्हणाली, ‘मी स्वयंपाकघरात आहे, माझं धरू नका.’ ‘लाडकी आजी’ या शब्दांत कोणाकोणाची लाडकी, हे सांगितले जात नाही.

पैलतीर

जुनी_वाट, ज्या व्यक्तीला उत्तर देता येत नाही, तिचा हिशेब नातवंडांनी छापील पुस्तिकेत मांडणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या आईंनी मौन पाळले, ते त्यांना शोभणारे होते.

जुनी_वाट

ते मौन शोभणारे नव्हते, थकलेले होते. मी त्याच घरात होतो.

उत्तररात्र

दोघांच्या मधला एक मार्ग मला दिसतो. आजीच्या सुनांनाही लिहायला सांगावे आणि त्यांनी जे लिहिले ते न सुधारता घ्यावे. आमच्याकडे असे केले तेव्हा काकूने फक्त एवढे लिहिले, ‘सासूबाईंनी मला शिवणयंत्र घेऊन दिले आणि त्याची किल्ली स्वतःकडे ठेवली.’ त्यावर कोणाला काही म्हणता आले नाही. पैलतीर यांची अडचणही त्यात येत नाही, कारण हा न्यायनिवाडा नाही, शिवणयंत्राची हकीकत आहे.

बोरू

उशिरा आलो. मधली_नात, मावशीआजींच्या घरी जुन्या खर्चाच्या वह्या आहेत का ते विचारा. त्या पिढीतले घरकर्ते रोजचा खर्च मोडीत लिहीत असत, आणि घरात मूल जन्मले की काहीतरी खर्च होतोच. कोतवाल बुकात कदाचित नोंद सापडणार नाही, पण खर्चाच्या वहीत सापडू शकते. वही मिळाल्यास त्या वर्षाच्या आषाढ ते भाद्रपद या पानांची छायाचित्रे पाठवा, वाचून देतो.

मधली_नात

वही आहे! तीन वह्या आहेत, एक वाळवीने अर्धी खाल्लेली. पणजोबांचे अक्षर म्हणजे एका रेघेला लटकलेली साखळी, मला त्यातले ओ की ठो कळत नाही. शके १८५० लिहिलेल्या वहीची पाने व्यक्तिगत निरोपातून पाठवली आहेत.

बोरू

पाने वाचली. पणजोबांचे वळण सुबक आहे, शब्द तोडलेले नाहीत म्हणून तुम्हाला अवघड वाटले. अधिक श्रावण वद्य पक्षातल्या एका दिवसाखाली लागोपाठ अशा नोंदी आहेत : सुईणीस खण व सव्वा रुपया, सुंठ, डिंक, खारीक, बाळंतशेपा, आणि त्याखाली बैलाच्या पत्र्या ठोकल्या, दीड रुपया. मुलीचा, जन्माचा किंवा नावाचा उल्लेख कुठेही नाही. पुढे बाराव्या दिवशी ‘बारशास गूळ’ एवढी नोंद आहे, म्हणजे ती सुईण आपल्याच घरातल्या बाळंतपणासाठी आली होती याविषयी शंका राहत नाही. त्या वर्षी घरात दुसरे कोणाचे बाळंतपण नव्हते, एवढे मावशीआजींकडून पक्के करून घ्या.

टवाळ

बैल चार आणे महाग पडला.

वकीलवाडा

पुराव्याच्या दृष्टीने ही नोंद दाखल्यापेक्षा सरस आहे. खर्च लिहिणाऱ्याला तारीख बदलण्याचे काही कारण नव्हते.

मधली_नात

मावशीआजीने पक्के सांगितले. त्यांचे घर एकत्र नव्हते, पणजोबा एकटेच होते आणि मधल्या काळात दुसरे मूल नव्हते.

काल काकांशी बोलले. त्यांनी वहीचे पान बराच वेळ उलटसुलट करून पाहिले. आधी म्हणाले की लोकांना कशाला सांगायचे. मग म्हणाले की तेरा लिहायचे असेल तर त्याच्या शेजारी आजोबांचे वयही लिही, ते तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि त्यांनाही कोणी विचारले नव्हते. हा मुद्दा मला रास्त वाटला. ‘लक्ष्मीच्या पावलांनी’ हे शब्द मात्र त्यांनी सोडले नाहीत, तेव्हा त्यांची दोन पाने त्यांच्या नावाने, जशीच्या तशी छापायची आणि पुढे खर्चाच्या वहीचे पान घ्यायचे, असे ठरले. दोन्ही काकूंना आणि आईला स्वतंत्र पाने दिली आहेत. धाकट्या काकूने ‘किती स्पष्ट लिहायचे?’ असे विचारले आहे आणि थोरल्या काकूने अद्याप काही उत्तर दिलेले नाही.

पुस्तिका या जूनमध्ये काढायची की दोन वर्षे थांबायचे, यावर मतदान झाले. मावशीआजीच्या वयाचा विचार करून या वर्षीच काढणार आहोत. शताब्दी हा शब्द गाळला आहे.

पैलतीर

मुखपृष्ठावर कोणते नाव घेणार? माहेरचे की सासरचे?

मधली_नात

दोन्ही. क्रमावरून वाद चालू आहे. आत्याचे म्हणणे आहे की तिला आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली ते आधी यावे. मावशीआजीचे म्हणणे आहे की तिने तर तिला एकाच नावाने हाक मारली आणि ते माहेरचे होते.

गोदाकाठ

बोरू, आमच्याकडेही आजोळच्या दोन वह्या आहेत, एक मोडीत आणि एक उर्दूत. मोडीतली पाहाल का? आजीच्या मोठ्या बहिणीचा काही तपास लागतो का ते पाहायचे आहे. ती १९४८ नंतर कोणाच्या बोलण्यात येत नाही.

बोरू

अवश्य पाठवा. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश टाळा, आणि पानाचा वरचा समास कापू नका, महिना तिथेच लिहिलेला असतो. उर्दूतली वही वाचणारे कोणी इथे असल्यास त्यांनी कृपया हात वर करावा.